नान्सेनचा कागद

माझं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये एक, दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत दुसरं आणि आधार कार्डावर तिसरंच. बेळगावात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटायचं नाही. आमच्याकडे घरात कोंकणी, गल्लीत मराठी, कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी, त्यामुळे एखादी वेलांटी इकडची तिकडे होतेच. पण गेल्या वर्षी पासपोर्टसाठी अर्ज केला तेव्हा या वेलांट्यांनी मला चार महिने नाचवलं. या कचेरीतून त्या कचेरीत, तिथून नोटरीकडे, मग पुन्हा पहिल्या खिडकीवर. शेवटी ॲफिडेव्हिट करून दिलं, की या तिन्ही मुली म्हणजे मीच.

त्याच दिवसांत मी व्लादिमीर नाबोकोव्हच्या आठवणींचं पुस्तक वाचत होते. श्रीमंत रशियन घरातला हा मुलगा क्रांतीनंतर देशाबाहेर पडला आणि पुढची वीस वर्षं युरोपात राहिला. त्यातला बराच काळ त्याच्यापाशी ओळख म्हणून होता तो फक्त नान्सेन पासपोर्ट नावाचा एक हिरवट कागद. त्या कागदाचा त्याला मनापासून तिटकारा होता. प्रत्येक व्हिसासाठी ताटकळायचं, आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या नजरेत आपण कायमचे संशयित. मला वाटलं, ज्याच्या नावानं हा कागद निघाला तो नान्सेन कुणी रटाळ कारकून किंवा वकील असणार. शोधायला गेले तर निघाला उत्तर ध्रुवावरचा बर्फ तुडवणारा माणूस. मंडळाच्या या अंकासाठी चरित्रलेख लिहायचा होताच. दुसरं नाव मग सुचलंच नाही.

फ्रित्यॉफ नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, नॉर्वेतल्या ख्रिस्तियानिया शहराजवळचा. हेच आजचं ऑस्लो. वडील वकील, शिस्तीचे. मुलगा मात्र बर्फात स्कीवर वाढला. विद्यापीठात त्यानं प्राणिशास्त्र घेतलं, विसाव्या वर्षी सीलची शिकार करणाऱ्या जहाजावरून आर्क्टिक पाहून आला आणि बर्गेनच्या संग्रहालयात नोकरीला लागला. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूंचा अभ्यास करून त्यानं १८८८ साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाची तोंडी परीक्षा दिली आणि थोड्याच दिवसांत निघाला ग्रीनलँडला.

(तरुणपणीच्या नान्सेनला मी तो म्हणते आहे, याबद्दल माफ करा. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या या मुलाला अहो-जाहो करवत नाही. पुढे करीन.)

ग्रीनलँडच्या आतल्या बर्फाचं पठार आरपार पार करायचा प्रयत्न आधीही झाला होता. पण ती मंडळी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून सुरुवात करायची, म्हणजे नाही जमलं तर मागे फिरता येईल. नान्सेननं हे उलटं केलं. ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरायचं आणि पश्चिमेकडे चालायचं. मागे काहीच नाही, त्यामुळे मागे फिरण्याचा मोहही नाही. सोबत पाच जण, त्यांपैकी दोघे सामी जमातीचे. अनेकांनी याला वेडेपणा म्हटलं. किनाऱ्याला लागण्याआधीच त्यांना बर्फाच्या तुकड्यांवरून वाहत दक्षिणेला जावं लागलं, पुन्हा उत्तरेकडे होड्या वल्हवत यावं लागलं. पण सहाही जण जिवंत पलीकडे पोचले. परतीचं जहाज चुकलं म्हणून हिवाळा तिथेच काढला, आणि नान्सेन स्थानिक लोकांकडून कयाक चालवायला शिकला.

मागची दोरी कापून टाकायची ही त्याची सवय पुढच्या मोहिमेत आणखी वाढली. जॅनेट नावाचं एक अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडलं होतं. त्याच्या काही वस्तू तीन वर्षांनी थेट ग्रीनलँडच्या किनाऱ्याजवळ सापडल्या. म्हणजे ध्रुवाजवळून बर्फ वाहतो. मग जहाज मुद्दामच बर्फात अडकवलं तर? कॉलिन आर्चरकडून त्यानं गोलसर पोटाचं एक जहाज बांधून घेतलं. दोन्हीकडून बर्फ दाबायला लागला की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जाई. जहाजाचं नाव फ्राम. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ पुढे.

१८९३ च्या जूनमध्ये फ्राम निघालं. बर्फात अडकलं, वाहू लागलं, पण फार हळू, आणि ध्रुव बाजूलाच राहणार असं दिसायला लागलं. तेव्हा १४ मार्च १८९५ ला नान्सेन आणि याल्मार योहान्सेन हे दोघे अठ्ठावीस कुत्रे, स्लेज आणि कयाक घेऊन जहाज सोडून चालत निघाले. जहाज वाहत राहणार, त्यामुळे परत त्याच्यापर्यंत पोचणं अशक्य. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत ते गेले. तोवर इतक्या उत्तरेला कुणीच पोचलं नव्हतं. तिथून दक्षिणेकडे वळले. एकदा दोघांनीही घड्याळांना चावी द्यायची राहून गेली आणि दोन्ही घड्याळं थांबली. वेळ गेली म्हणजे रेखांश गेला, आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हेच कळेना. एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खायला घालत ते चालत राहिले. शेवटी दोनच उरले. तेव्हा योहान्सेनचा कुत्रा नान्सेननं मारला आणि नान्सेनचा योहान्सेननं, कारण आपापला मारणं दोघांनाही जमेना.

फ्रान्झ योझेफ बेटांवर दगडांची खोपटी, वर वॉलरसच्या कातड्याचं छप्पर, आणि अस्वलाचं मांस खात काढलेला अख्खा हिवाळा. दोघांची वजनं वाढली म्हणे! असंही सांगतात की एकाच झोपण्याच्या पिशवीत इतके महिने काढूनही हे दोघे एकमेकांना अहो-जाहो करत होते, आणि त्या नववर्षाच्या सुमाराला कुठे अरे-तुरेवर आले. जून १८९६ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन नावाच्या इंग्रज संशोधकाशी नान्सेनची योगायोगानं गाठ पडली. काजळी आणि चरबीनं काळा झालेला हा माणूस नान्सेन आहे हे जॅक्सनला ओळखायला वेळ लागला. काही आठवड्यांनी फ्रामही सुखरूप परतलं.

यानंतर नान्सेन जगप्रसिद्ध. प्राध्यापक झाला, समुद्रविज्ञानात काम केलं. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला त्या वाटाघाटींत त्याचा हात होता, आणि नव्या देशाचा लंडनमधला राजदूतही तोच. तिथे असतानाच डिसेंबर १९०७ मध्ये घरी पत्नी एव्हा न्यूमोनियानं आजारी पडली. तो निघाला, पण तो पोचण्याआधी ती गेली. १९१३ मध्ये धाकटा मुलगा गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेत धान्याची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जाऊन धान्याचा करार करून आणला. इथपर्यंतचं आयुष्यच एका माणसाला पुरे होतं. अट्ठावन्नाव्या वर्षी बहुतेक माणसं आत्मचरित्र लिहायला घेतात.

आता ते म्हणते.

एप्रिल १९२० मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या राष्ट्रसंघानं नान्सेन यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोचवायचं काम सोपवलं. युद्ध संपून दीड वर्ष झालं होतं, पण लाखो कैदी अजून परक्या देशांत अडकलेले. काहींना तर १९१४-१५ पासून सैबेरियात ठेवलेलं. मॉस्कोतलं नवं सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानत नव्हतं, तेव्हा त्यांनी नान्सेन यांच्याशी व्यक्ती म्हणून बोलायचं ठरवलं. म्हणजे एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला एक पांढऱ्या मिशांचा प्राध्यापक. रशियातून आगगाड्यांनी कैदी एस्टोनियातल्या नार्वाला आणायचे, तिथून जहाजानं बाल्टिक समुद्र ओलांडून जर्मनीतल्या श्टेटिनला न्यायचे, आणि परतीच्या फेरीत जर्मनीतले रशियन कैदी भरून आणायचे. जहाजं उसनी, पैसे कर्जाऊ. १९२२ मध्ये काम संपलं तेव्हा आकडा होता ४,२७,८८६. मला या आकड्यातलं शेवटचं सहा फार आवडतं. कुणीतरी शेवटपर्यंत मोजलं.

पण कैद्यांचं काम त्या मानानं सोपं होतं, कारण कैद्याला घर असतं आणि त्याला परत घ्यायला देश असतो. पुढचे लोक तसे नव्हते.

रशियातल्या यादवीत हरलेली बाजू नोव्हेंबर १९२० मध्ये क्रायमियातून जहाजांत बसून पळाली. सुमारे दीड लाख माणसं, सैनिक आणि त्यांची कुटुंबं, कॉन्स्टँटिनोपलच्या म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या बंदरात येऊन पडली. आधी-नंतर पोलंड, बाल्टिक देश, मांचुरिया या वाटांनी बाहेर पडलेले धरले तर दहा लाखांच्या वर, बरेच जण पंधरा लाख म्हणतात. रेड क्रॉसच्या आग्रहावरून राष्ट्रसंघानं १९२१ मध्ये नान्सेन यांना या निर्वासितांचे उच्चायुक्त नेमलं. कचेरीच्या खर्चापुरते पैसे दिले. अन्न, औषध, निवारा यासाठी एक दमडी नाही. ते तुम्ही मागून आणा.

मग डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारनं हुकूम काढून बाहेर गेलेल्या बहुतेकांचं नागरिकत्वच रद्द केलं.

याचा अर्थ नीट लक्षात यायला मला वेळ लागला. महायुद्धाच्या आधी युरोपातल्या बहुतेक देशांत पासपोर्टशिवाय फिरता यायचं. युद्धानं सीमेवर खिडक्या उभ्या केल्या, आणि युद्ध संपल्यावरही त्या कुणी काढल्या नाहीत. आता कॉन्स्टँटिनोपलमध्ये उपाशी असलेल्या सुताराला बल्गेरियात काम मिळत असलं तरी तो जाऊ शकत नव्हता, कारण त्याचा जुना पासपोर्ट नाहीशा झालेल्या साम्राज्याचा. फ्रान्सला खाणीत आणि कारखान्यात माणसं हवी होती, इथे माणसं बसून होती, आणि मधे एक कागद नव्हता. नुसती भाकरी वाटत राहिलं तर वाटतच राहावं लागणार होतं.

जुलै १९२२ मध्ये जिनीव्हात सरकारांची परिषद भरली आणि नान्सेन यांच्या कचेरीनं मांडलेला उपाय मान्य झाला. एक साधं ओळखपत्र. ते राष्ट्रसंघ देणार नाही, ज्या देशात निर्वासित राहतो आहे तो देश देणार. त्यावर नाव, जन्म, वर्णन, फोटो, आणि एवढंच, की हा माणूस मूळचा रशियन आहे आणि त्यानं दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही. मुदत एक वर्ष. इतर देशांनी त्यावर व्हिसा द्यायला हरकत नाही. लोकांनीच त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणायला सुरुवात केली. १९२४ मध्ये तो आर्मेनियन निर्वासितांनाही लागू झाला, पुढे असिरियन आणि आणखी काही गटांना. पन्नासहून अधिक सरकारांनी तो मानला. एकूण सुमारे साडेचार लाख लोकांना तो मिळाला असं सांगतात. स्ट्राविन्स्की, शागाल, रख्मानिनॉव्ह ही नावं आपण ऐकलेली, बाकीची लाखो न ऐकलेली. टॅक्सी चालवणारे, शिवणकाम करणारे, खाणीत उतरणारे.

१९२६ नंतर त्यावर दरवर्षी पाच सोन्याच्या फ्रँकचं तिकीट चिकटवायची पद्धत आली. ज्यांना परवडेल त्यांनी भरायचं, गरिबांना माफ. जमलेला पैसा गरजू निर्वासितांवर खर्च करायचा. तिकिटावर नान्सेन यांचाच चेहरा. सरकारं पैसे देत नव्हती तेव्हा निर्वासितांनीच एकमेकांना मदत करायची ही सोय हुशारीची खरी, पण वाचताना थोडं वाईटही वाटलं.

आता नाबोकोव्हचा राग कशासाठी होता ते बघा. या कागदानं पुढे जाता यायचं, मागे येता यायचं नाही. कागद दिला म्हणून तुला परत घ्यायची जबाबदारी आमच्यावर नाही, हे देणाऱ्या देशानं आधीच सांगून टाकलेलं. बर्लिनहून पॅरिसला गेलात तर बर्लिनला परतू द्यायचं की नाही हा बर्लिनचा प्रश्न. आणि रशियात पाऊल टाकलंत तर कागद आपोआप रद्द. परतीचा व्हिसा द्यावा असं १९२६ च्या करारात आलं, पण सगळ्यांनी तो मानला नाही. काम करण्याचा हक्कही त्यात नव्हता. दार किलकिलं झालं होतं एवढंच. ज्यानं तरुणपणी परतीची दोरी स्वतः हौसेनं कापली, त्यानं म्हातारपणी काढलेला कागदही फक्त पुढेच जायचा. फरक इतकाच की या लोकांची दोरी दुसऱ्यांनी कापली होती.

रशियन निर्वासितांपैकी अनेकांचा नान्सेन यांच्यावर विश्वास नव्हता हेही सांगायला हवं. त्याच काळात व्होल्गाच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ पडला होता. नान्सेन यांनी मॉस्कोशी करार केला, सप्टेंबर १९२१ मध्ये राष्ट्रसंघापुढे पन्नास लाख पौंडांची मागणी केली. सरकारांनी नकार दिला, बोल्शेव्हिकांना कशाला पोसायचं म्हणून. मग ते स्वतः दुष्काळी भागात गेले, उपाशी मुलांचे फोटो काढले आणि गावोगाव व्याख्यानं देऊन पैसे जमवले. (खरं मोठं काम अमेरिकन मदत संस्थेनं केलं, तिनं एका वेळी कोटभर लोकांना जेवू घातलं. चरित्रकार कधी कधी हे घाईत सांगतात.) पण देशोधडीला लागलेल्यांच्या नजरेत हा माणूस त्यांच्या शत्रूशी हातमिळवणी करणारा. त्यात नान्सेन यांनी काही हजार कोसॅक सैनिकांना बोलणी करून रशियात परत पाठवलं. परतलेल्यांचं तिथे नीट झालं का यावरून बराच वाद झाला. माणसाला घरी परतायचं असतं हे खरं, पण ज्या घरातून तो पळाला ते घर बदललं आहे का, हे कोण ठरवणार?

आणि आता तो भाग, जो मी तीनदा लिहून तीनदा खोडला.

सप्टेंबर १९२२ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानच्या युद्धात ग्रीक सैन्य हरलं. स्मर्ना, म्हणजे आजचं इझमिर, जळालं. धक्क्यावर आगीच्या आणि समुद्राच्या मधे लाखो माणसं अडकली. काही आठवड्यांनी पूर्व थ्रेसमधले ग्रीक बैलगाड्या जुंपून पावसात निघाले. ते दृश्य तरुण हेमिंग्वेनं वार्ताहर म्हणून पाहिलं आणि पुढे आपल्या लिखाणात पुन्हा पुन्हा आणलं. पन्नास-पंचावन्न लाख लोकवस्तीच्या ग्रीसमध्ये दहा लाखांहून जास्त निर्वासित आले. त्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त, कारण अनातोलियातले बरेच कर्ते पुरुष कैदेत किंवा वेठीला गेलेले. अथेन्सच्या नाट्यगृहातल्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहिलं. टायफस आणि देवी पसरली.

राष्ट्रसंघानं पुन्हा नान्सेन यांनाच पाठवलं. ते कॉन्स्टँटिनोपलला गेले, अथेन्सला गेले, दोन्ही बाजूंशी बोलले. गेलेल्या ग्रीकांना तुर्कस्तान परत घेणार नाही हे स्पष्ट होतं. हिवाळा तोंडावर होता. या लोकांना तंबूत ठेवायचं तर किती दिवस? ग्रीसमध्ये मुसलमान शेतकऱ्यांची घरं आणि जमिनी होत्या. ते तुर्कस्तानात गेले तर इथे जागा होईल, आणि तिकडे ग्रीकांच्या ओस पडलेल्या शेतात त्यांना जागा होईल. पेरणीच्या आधी झालं तर दोन्हीकडचं वर्ष वाचेल. १ डिसेंबर १९२२ ला लोझानच्या परिषदेत नान्सेन यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीची मांडणी केली. कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती, दोन्ही सरकारांनाही ती हवीच होती. पण नाव त्यांचं होतं, आणि त्या नावाला वजन होतं. नऊच दिवसांनी, १० डिसेंबरला, त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

३० जानेवारी १९२३ ला करार झाला. अदलाबदल सक्तीची. गेलेल्याला तिकडच्या सरकारच्या परवानगीशिवाय परतता येणार नाही. कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. आणि कोण ग्रीक, कोण तुर्क, हे ठरवायचं कशावरून? भाषेवरून नव्हे, धर्मावरून. अनातोलियाच्या आत, कॅपाडोशियात, असे ख्रिस्ती होते ज्यांच्या घरात तुर्की बोलली जायची आणि जे तुर्की भाषा ग्रीक अक्षरांत लिहायचे. ते ग्रीक ठरले. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलायचे. ते तुर्क ठरले. दोघांनाही अशा देशात पाठवलं जिथली भाषा त्यांना येत नव्हती.

इथे मला आमच्या आजीचं प्रार्थनापुस्तक आठवलं, कोंकणी भाषा आणि रोमी लिपी. आमच्या गल्लीत हा निकष लावला तर आम्ही, शेजारचे मराठा काका आणि कोपऱ्यावरचे पिंजारी चाचा, तिन्ही घरं तीन जहाजांत बसणार. मी हे मंडळातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती माझ्यावर उखडली. तिचं म्हणणं असं की नान्सेन यांनी काय करायला हवं होतं? तत्त्व जपत बसायचं आणि तंबूतली मुलं मरू द्यायची? बारा लाखांच्या आसपास ग्रीकांपैकी बहुतेक आधीच पळालेले होते, करारानं त्यांना हाकललं नाही.

तिचं बरोबर आहे. पण आकडे पुढे पाहिले की बरोबर तेवढ्यावर थांबता येत नाही. करार झाल्यानंतर, कुठलीही लढाई चालू नसताना, सुमारे १ लाख ९० हजार ग्रीक ख्रिस्ती आणि साडेतीन लाख मुसलमान नुसत्या कागदाच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांतून उठवले गेले. ते युद्धातून पळाले नव्हते, त्यांना शांततेनं उठवलं. माणसाला सीमेपार जाता यावं म्हणून जुलै १९२२ मध्ये एक कागद निघाला, आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कागदानं माणसांना सीमेपार ढकललं, आणि दोन्हींवर एकाच भल्या माणसाचा हात. नान्सेन यांना यातलं दुःख कळत होतं असं त्यांच्या कामावरून दिसतं. नोबेलचे पैसे त्यांनी मदतकार्यालाच दिले, निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी कर्ज उभारायच्या खटपटीत राहिले, आणि १९२४ मध्ये ग्रीसला मोठं आंतरराष्ट्रीय कर्ज मिळालंही. पण मला अजून दोन्ही गोष्टी एका चौकटीत बसवता आलेल्या नाहीत. चौथ्यांदा खोडत नाही, आहे तसंच ठेवते.

शेवटची पाच वर्षं त्यांनी आर्मेनियन लोकांना दिली. महायुद्धातल्या कत्तलीतून वाचलेले हे लोक सिरिया, लेबनॉन, ग्रीसमधल्या छावण्यांत होते. १९२५ च्या उन्हाळ्यात नान्सेन सोव्हिएत आर्मेनियात गेले. तिथल्या ओसाड माळावर पाटाचं पाणी आणून पंधरा हजार माणसं वसवता येतील असा आराखडा घेऊन आले. इथे ते लोकांना घराच्या दिशेनं नेऊ पाहत होते. राष्ट्रसंघात दरवर्षी उभे राहिले, रक्कम कमी कमी करत गेले. सरकारांनी सहानुभूती दिली, पैसे दिले नाहीत. १९२९ मध्ये योजना सोडावी लागली. काही हजारच तिथे पोचू शकले. ज्या माणसानं आयुष्यात माघार अशी घेतली नव्हती त्याची ही माघार.

१३ मे १९३० रोजी घरीच, हृदयविकारानं ते गेले. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी सरकारी इतमामानं अंत्यविधी झाला, पण चर्चचे विधी झाले नाहीत. नान्सेन कुठल्याच धर्माला मानत नव्हते. आमच्या पॅरिशमध्ये निर्वासितांसाठी प्रार्थना होते तेव्हा आता मला हा देव न मानणारा माणूस आठवतो. फादरांना सांगितलं तर ते नुसते हसले.

त्यांच्या नावाची निर्वासित कचेरी राष्ट्रसंघानं पुढे काही वर्षं चालवली. १९३८ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं, आणि त्याच वर्षअखेर ती बंद झाली. जर्मनीतून ज्यू बाहेर पडायची धडपड करत होते ते हेच दिवस. मुलगा ओड यानं नॉर्वेत त्यांच्यासाठी मदतसंस्था काढली होती. १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला पकडलं आणि पुढे साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकलं. तेव्हा जर्मनांच्या हाताखाली नॉर्वेचा कारभार करत होता विडकुन क्विसलिंग. याच क्विसलिंगनं तरुणपणी नान्सेन यांच्या हाताखाली युक्रेनमध्ये दुष्काळात धान्य वाटलं होतं, आणि आर्मेनियाच्या दौऱ्यात तो त्यांचा सचिव होता. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू की अती झालं.

ओड छावणीतून जिवंत सुटला.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सरकारनं त्यांना घरांतून उचलून सैबेरियात नि कझाकस्तानात नेलं होतं. तिथून ती इराणमार्गे इकडे आली. युद्ध संपलं तरी त्यांतली बहुतेक गावी परतू शकली नाहीत, कारण त्यांची गावं आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती, सीमा सरकून ती सोव्हिएत संघात गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आहेत. छावणी रिकामी झाली तेव्हा त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. त्यांनी तिथे कापडाचा धंदा उभा केला. तेच आजचं गांधीनगर.

बेळगावातून लग्नाचा बस्ता बांधायला माणसं गांधीनगरला जातात. आम्हीही जातो. येत्या मे महिन्यात मावशीकडचं लग्न आहे, तेव्हा सगळ्या बायका जीपनं निघणार आहोत. मी आईला सांगून ठेवलंय, की तुम्ही साड्या बघा, मला अर्धा तास सोडा. जुन्या बराकींपैकी एखादी भिंत अजून उभी आहे का ते मला बघायचं आहे.